रेघेत राहणारा माणूस

लोकसंख्या ४०

ऑर्ला सॉल्टरनं गावाच्या पाटीवर हा आकडा रंगवला आणि रंग वाळायच्या आत तो खोटा ठरला.

हॉलिस स्टायरनची मुलगी शहरातून गाडी घेऊन आली. बापाचे गुडघे गेलेत, खांबांवरच्या घराच्या सोळा पायऱ्या त्याला चढवत नाहीत, म्हणून तिनं त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि नेलं. जाताना म्हातारा खिडकीतून हात हलवत होता. ऑर्ला हातात ब्रश घेऊन बघत राहिली.

"वारला असता तरी चाललं असतं," बर्निस म्हणाली. रोज अंडी, गळाला लावायचं आमिष आणि टपालाची तिकिटं विकणारी बर्निस रोझ. तिचं दुकान म्हणजे मलेट बेंडचा अख्खा बाजार. "निदान इथल्या मातीत तरी राहिला असता."

"मातीतले मोजत नाहीत, बर्निस."

"मोजत असते, तर आपण शहर झालो असतो."

लोकसंख्या ३९

चार दिवसांनी काउंटीचं पत्र आलं. पत्र बर्निसनं आधी वाचलं, मग पाकीट चिकटवून ऑर्लाला दिलं.

टार्बेल काउंटीच्या किनाऱ्यावर ज्या वस्त्यांना पालिका नाही, महापौर नाही, कायद्यानं ठरलेली हद्द नाही, अशा वस्त्यांची मोजणी होणार होती. चाळीस माणसं भरली, तर नव्या नकाशात नाव राहणार आणि रस्त्यावर पाटी राहणार. कमी भरली, तर शेजारच्या वस्तीत धरलं जाणार. मोजणी येत्या गुरुवारी.

मलेट बेंडच्या तीन बाजूंना पाणी. चौथ्या बाजूला डफ्स क्रीक.

डफ्स क्रीकमध्ये एकशे सोळा माणसं. त्यांतला एक डेलमास लप्टन.

डेलमास: १

ऑर्लानं डेलमासला सोडलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तो पीत नव्हता, मारत नव्हता, दुसऱ्या बायकांकडे बघत नव्हता. त्याचा दोष एकच. ऑर्लाला कोणी काही विचारलं की उत्तर तो द्यायचा.

"काय ऑर्ला, बरी आहेस ना?"

"बरी आहे ती," डेलमास म्हणायचा.

डॉक्टर विचारायचे, कुठं दुखतं? डेलमास म्हणायचा, गुडघा. दुखत असायचा खांदा. तीन आठवडे ती गुडघ्याला मलम लावून हिंडली, कारण बाटलीवर तसं लिहिलं होतं. अहो, लग्नात पाद्रीबाबांनी तिला विचारलं, तुला हा पती म्हणून मान्य आहे का? तेव्हाही हाच म्हणाला, "आहे, आहे, पुढं चला." ते लग्न खरं झालं की नाही, याचीच ऑर्लाला पुढं शंका यायची.

बावीस वर्षं तिनं हे काढलं. मग एक दिवस शिवणयंत्र ढकलगाडीवर टाकलं आणि दीड मैल चालत मलेट बेंडला आली. वकिलासमोर तिनं घर मागितलं नाही, होडी मागितली नाही. एवढंच म्हणाली, "हा ज्या गावात राहील, त्या गावात मी राहायची नाही."

एकोणीस वर्षं हा शब्द तिनं पाळला. आता काउंटी तिला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीवर बसल्या बसल्या डेलमासच्या गावात नेऊन सोडणार होती.

एक माणूस पाहिजे होता. फक्त एक.

चाळिसावा, प्रयत्न पहिला

लाना गॅस्किलला नववा महिना होता. ऑर्ला तिच्याकडे खेकड्यांचं कालवण घेऊन गेली, वर मक्याच्या पिठाचे गोळे, तिखट जरा जास्त.

"मिस ऑर्ला, हे मला चालेल ना?"

"चालायला नको, पळायला पाहिजे. गुरुवारच्या आत."

लानानं दोन वाट्या खाल्ल्या. बाळ ढिम्म हललं नाही.

चाळिसावा, प्रयत्न दुसरा

बर्निसनं आपला पोपट सुचवला. त्याला नाव होतं, तो नाव सांगायचा, आणि मतदानाच्या दिवशी बहुतेकांपेक्षा शहाणपणानं बोलायचा. ऑर्लानं थोडा वेळ खरंच विचार केला. हे तिनं नंतर कोणाला सांगितलं नाही.

चाळिसावा, प्रयत्न तिसरा

हॉलिसला फोन.

"हॉलिस, गुरुवारपुरता ये."

"ऑर्ला, इथं लिफ्ट आहे गं. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. मी सकाळपासून सहा वेळा गेलो."

"कुठं गेलास?"

"वर."

गुरुवार. लोकसंख्या अजून ३९

काउंटीची बाई आली ती मिस पायव्हर. वय पंचविशीचं, पायात शहरी बूट, दोन्ही बुटांत वाळू. हातात नकाशा आणि फॉर्मांचा गठ्ठा. दारोदार जाऊन तिनं माणसं मोजली. लानाच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं, पेन्सिल टेकवली, उचलली, आणि दुपारी बाराला बर्निसच्या दुकानासमोर येऊन सांगितलं, "एकोणचाळीस."

"परत मोजा," ऑर्ला म्हणाली.

"दोनदा मोजलीत, मॅडम."

"मला दोनदा मोजलंत का?"

"नाही, मॅडम."

"मग मोजा."

तेवढ्यात रस्त्यानं एक घर आलं.

घर रस्त्यानं आलं म्हणून मलेट बेंडमध्ये कोणी मान वळवत नाही. समुद्र अंगण खातो, मग पायऱ्या खातो, मग माणसं घराखाली चाकं घालतात आणि ते जमिनीकडे आत सरकवतात. पण हे घर पिवळं होतं, त्याच्या ओसरीवर झुलती खुर्ची होती, आणि खुर्चीत कॉफीचा पेला धरून डेलमास लप्टन बसला होता. घर हलवताना आत बसायचं नसतं. हे ट्रकवाल्यानं त्याला पाच वेळा सांगितलं होतं, आणि पाचही वेळा उत्तर म्हणून डेलमासनं त्यालाच गाडी कशी चालवायची ते सांगितलं होतं.

डफ्स क्रीक आणि मलेट बेंडच्या मध्ये त्याच्या मेलेल्या काकाची जागा होती. ट्रक तिथं वळला, वाळूत रुतला, हुंकारला आणि थांबला. खांब अजून ठोकायचे होते. घर चाकांवर तसंच उभं राहिलं.

"हे कुठल्या वस्तीत येतं?" मिस पायव्हरनं विचारलं.

सगळी माणसं चालत तिकडे गेली. एकोणचाळिसांतली सव्वीस. उरलेली बोटीवर होती किंवा झोपली होती.

नकाशा

मिस पायव्हरनं नकाशा ट्रकच्या बॉनेटवर पसरला. दोन वस्त्यांच्या मध्ये जाड निळी रेघ होती. तिनं पट्टी लावली. मग पुन्हा लावली. मग घाम पुसला.

"काय झालं?" बर्निसनं विचारलं.

"रेघ दीड मिलिमीटर जाड आहे."

"बरं मग?"

"जमिनीवर ती साठ फूट होते."

सगळ्यांनी घराकडे पाहिलं. घर चाळीस फूट लांब होतं.

"म्हणजे डेलमास रेघेत राहतो?"

"हो," मिस पायव्हर म्हणाली, "आणि रेघेत राहणाऱ्यांसाठी फॉर्मात रकाना नाही."

"खरी हद्द इथं नाहीच," मागून कोणीतरी म्हणालं. "बर्निसच्या कोंबड्या जातात तिथवर मलेट बेंड."

"उन्हाळ्यात की हिवाळ्यात?"

यावर वाद सुरू झाला. मिस पायव्हर बाजूला जाऊन कचेरीशी फोनवर बोलली, तीनदा "हो सर" म्हणाली, एकदा "नाही सर, घर चाकांवर आहे", आणि परत आली.

"कायद्यानं हद्द ठरलेली नाही, म्हणून असं आहे. माणूस जिथं झोपतो ती त्याची वस्ती. खाट कुठल्या बाजूला धरायची ते त्या वस्तीतल्या कोणीतरी पुढं येऊन सांगायचं. सही करायची, की हा माणूस आमचा आहे. कोणीच सांगितलं नाही, तर हा मोजलाच जाणार नाही."

डफ्स क्रीकमधून कोणी आलं नव्हतं. त्यांची जेवणाची वेळ होती.

मलेट बेंडच्या पंचवीस माणसांनी सव्विसावीकडे पाहिलं.

फॉर्म क्रमांक ७

घरात किती माणसं?
— "एक," डेलमास ओसरीवरून म्हणाला. "आणि मांजर आहे, पण ती माझं ऐकत नाही."

वय?
— "एकाहत्तर. ऑर्ला अडुसष्ट."

मी तुम्हाला विचारलं, सर.
— "हो, पण पुढं तिला विचारणारच ना. तिचा वेळ वाचला."

हा माणूस आमच्या वस्तीतला आहे असं सांगणारी व्यक्ती?
— (रिकामं)

३९ किंवा ४०

ऑर्ला बोटांवर हिशेब करत होती. सही केली, तर डेलमास मलेट बेंडचा आणि दोघं एका गावात. सही केली नाही, तर मलेट बेंड डफ्स क्रीकमध्ये आणि दोघं एका गावात. ती स्वतःच उठून दुसरीकडे गेली, तर डेलमास धरूनही एकोणचाळीस, म्हणजे पुन्हा सगळं डफ्स क्रीक. कुठल्याही बोटावरून सुरुवात केली तरी शेवटच्या बोटावर डेलमास खुर्चीत झुलत बसलेला.

"ऑर्ला," बर्निस हळूच म्हणाली, "आपलं गाव त्याच्या गावात जाण्यापेक्षा तो आपल्या गावचा झालेला बरा नाही का?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझं लग्न पोपटाशी झालंय."

"तो निदान विचारल्याशिवाय बोलत नाही."

डेलमासनं पेला कठड्यावर ठेवला. "मला कोणी ये म्हणालं तर मी येईन. आपणहून कुणाच्या गावात घुसायची माझी पद्धत नाही."

"एकोणीस वर्षं तू माझ्या नावाची पत्रं उघडून उत्तरं पाठवलीस," ऑर्ला म्हणाली. "आणि म्हणे पद्धत!"

"ती चुकून माझ्याकडे यायची."

"मग माझ्याकडे पाठवायची ना!"

"उत्तर कसं वाटलं ते तरी सांग. तुझ्या बहिणीला आवडायचं."

ऑर्लाच्या मानेवर लाली चढली. तिला आत्ताच कळलं, की बहीण दरवर्षी नाताळात "तुझी पत्रं किती छान असतात" का म्हणायची. मागच्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. पण ऑर्ला ओरडली नाही. ती घराला वळसा घालून निघाली. मागच्या खिडकीशी थांबली, टाचा उंचावून आत पाहिलं. आत खाट होती. तीच, डाव्या बाजूला दबलेली. पुढच्या बाजूला ओसरी, खुर्ची, कॉफी, तोंड.

ती ट्रकवाल्याकडे गेली. "हे घर फिरवता येईल?"

"बाई, आत्ताच तर रुतलंय."

"रुतलेलंच फिरवा. ओसरी डफ्स क्रीककडे. पाठ आमच्याकडे."

"अगं, पण तिकडून मला समुद्र दिसणार नाही!" डेलमास उठून उभा राहिला.

"समुद्रानं तुला पुष्कळ पाहिलंय. म्हणून तर तुझं अंगण खाल्लंय."

लोकसंख्या ३९ आणि एक, वळत असताना

दीड तास लागला. फळ्या आल्या, दोन पिकअप आले, सव्वीस माणसांचे खांदे आले. लाना गॅस्किल सावलीत बसून दिशा सांगत होती. घर एकेक फूट करत फिरलं. डेलमास ओसरीचा खांब धरून उभा होता. आधी त्याचं तोंड मलेट बेंडकडे होतं, मग पाण्याकडे, मग बर्निसच्या कोंबड्यांकडे, आणि सरतेशेवटी डफ्स क्रीककडे. तो सारखा सूचना देत होता. घर फिरेल तसा त्याचा आवाज कमी कमी येत गेला, आणि ही गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली.

मग ऑर्लानं मिस पायव्हरला मागच्या खिडकीशी नेलं.

"खाट इथं आहे. आमच्या बाजूला. लिहा."

"म्हणजे हे तुमच्या वस्तीतले?"

"झोपेपुरता. झोपलेला डेलमास चांगला माणूस आहे. बावीस वर्षं बघितलाय मी. घोरतसुद्धा नाही. झोपला की तो आमचा. जागा झाला की ओसरीवर जातो, ओसरी डफ्स क्रीकची. त्या डेलमासशी मलेट बेंडचा संबंध नाही."

मिस पायव्हरनं फॉर्म वरून खाली वाचला, खालून वर वाचला. "फॉर्मात जागेपणाचं काही विचारलेलं नाही," ती म्हणाली. "मला फक्त झोप लागते."

"आम्हालाही," बर्निस म्हणाली.

ऑर्लानं सही केली. अक्षर मोठं, पेन जोरात टेकवलेलं. मागच्या माणसांत कोणीतरी शिट्टी मारली.

४०

"एक शेवटचा रकाना," मिस पायव्हर म्हणाली. "सही करणाऱ्या व्यक्तीचं या माणसाशी नातं?"

डेलमास घराला वळसा घालून तोवर मागं आला होता. त्याचं तोंड उघडलं. ऑर्ला त्याच्याकडे बघत नव्हती, ती फॉर्मकडे बघत होती, आणि वाट बघत होती.

डेलमासनं तोंड मिटलं. मिटताना दातांचा आवाज झाला. कानांपर्यंत लाल झाला, एक पाय वाळूत खुपसला, पण गप्प राहिला. असा एक, दोन, तीन, चार क्षण.

"शेजारी," ऑर्ला म्हणाली.

मिस पायव्हरनं लिहून घेतलं. "किती अंतरावर?"

"दोनशे दहा फूट!" डेलमास म्हणाला. "तिच्या दारापासून. तिचं दार पुढचं नाही, मागचं, पुढचं पावसाळ्यात फुगतं, मी कितीदा सांगितलं होतं की—"

"हा आता जागा आहे," ऑर्ला मिस पायव्हरला म्हणाली. "तिकडचा आहे. याचं काही लिहून घेऊ नका."