एका रात्रीची हजेरी

लंकाबाई पाथर्डीकडच्या एका खेड्याची ग्रामपंचायत सदस्य. दसरा झाला तशी रजेचा अर्ज न देताच ऊसतोडीला कोपरगावकडे गेली. कायदा म्हणतो, रजेशिवाय सलग चार महिने गावाबाहेर राहिलं तर पद जातं. पाच महिन्यांनी परतली, तोवर पद गेलेलं. तारखा पडत पडत अपील नगरच्या कोर्टात आलं, तर पुढचा हंगाम तोंडावर. वकील मी. सोमवारचा उपवास होता, पोटात नुसतं पाणी.

तिची बाजू एवढीच, की चंपाषष्ठीला खंडोबाची तळी घरच्याच देवापुढे उचलायची, म्हणून ती मधे, दोन महिन्यांनी, गावी आली होती; म्हणजे सलग चार महिने कधी भरलेच नाहीत.

"किती दिवस राहिलात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"येक रात. तांबडं फुटायच्या आत जीप धरली."

गावातल्यांनी तिला आठ दिवस सांगायला शिकवलं होतं. ती मला आधीच म्हणाली होती, "तळीसाठी आले अन् तिच्यावरच खोटं बोलू व्हय?"

समोरचे वकील हसले. "सर, ही सदस्य का पाहुणी?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सदस्य लोकांना सापडावा, म्हणून हे कलम. एका रात्रीत ही कुणाला सापडली?"

खरंच होतं ते. मी उठले.

"सर, मी सोळा सोमवार करते. अकराव्याला चुकून चहात बिस्कीट बुडवलं. एकच. परत पहिल्यापासून धरले. आज तिसरा."

"मोठ्यानं बोला. आणि इथं व्रतं चालत नाहीत, वकीलबाई."

"नाही सर. पण कायद्यात 'सलग' लिहिलंय. ते मोडायला किती दिवस लागतात, हे लिहिलेलं नाही. न लिहिलेलं आपण तिच्याविरुद्ध लिहायचं?"

न्यायाधीशांनी पुस्तक ओढून ते कलम परत वाचलं.

दुपारी निकाल सांगितला. "कायद्यानं दिवस घातले असते तर मी मोजले असते. घातलेले नाहीत. पद कायम."

बाहेर लंकाबाई पायरीवर टेकली. हसली नाही.

"बाई, टोळी परवा निघतीय. यंदा बी तळीला यावं लागंल?"

"आधी रजेचा अर्ज दे गं."

"अन् न्हाई दिली रजा, तर?"

मी पर्समधून कोरा कागद काढला, मांडीवर फाईल ठेवून अर्ज लिहायला घेतला.

"तर ये. पण दिवसा उतर, चार माणसांना दिसशील अशी."