पाळकसाहेब उठले

मी पाळकसाहेबांची खुर्ची बोलतेय. गोड ऐकायचं असेल तर पुढं चला. माझ्या डाव्या हातात माणसाचं रक्त मुरलंय.

एक्क्याण्णव साली शिवाजी पेठेतल्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. टेम्पोत घालून मला गडमुडशिंगीजवळच्या एका वस्तीवर आणलं, पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात. वेदीशेजारी ठेवलं, आणि माझ्यावर पाळक आकाराम बसले. आवाज भारी, मिशा पांढऱ्या. दर वर्षी ते बायबलातल्या एली याजकाची गोष्ट सांगायचे.

"एलीची पोरं देवापुढचं मांस काट्यानं ओढून न्यायची. एलीला ठाऊक हुतं. त्यानं पोरांना आवरलं न्हाय, म्हणून घर बुडालं. पुढाऱ्यानं आधी आपलं घर बघावं!"

मंडळी माना डोलवायची. पुढच्या बाकावर पाळकांचाच विश्वजित पाय पसरून पान चघळत असायचा. त्यानं एकाच्या कानफटात दिली, पाळक म्हणाले, "बाळा, बरं न्हवं." दुसऱ्याचा दात पाडला, पुन्हा तेच, "बाळा, बरं न्हवं." आणि देवळाचे वडील, म्हणजे पंच? साठी उलटलेली माणसं, पण कणा गांडुळाचा. खाली बघत बसायची.

नव्याण्णवचा कापणीचा सण होता. या सणाला ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं, गोठ्यातलं पहिलं ते वेदीपुढं आणायचं. आधी प्रार्थना, मग लिलाव. विधवा धोंडुबाईनं बोकड आणला होता. दुखण्यातून उठल्यावर देवाला बोललेला, दोन वर्षं पोसलेला. प्रार्थनेच्या आधीच विश्वजितनं त्याची दोरी धरली. बाहेर दोस्तांची चूल पेटली होती.

दारात केरबा आडवा झाला. देवळाची घंटा वाजवणारा, काटकुळा माणूस.

"आधी प्रार्थना हू दे."

"सर बाजूला, घंट्या."

"देवाचं हाय ते. तुज्या बाचं न्हवं."

विश्वजित मागं फिरला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "आण्णा, उठा जरा."

आणि पाळकसाहेब उठले. कशाला, एवढंही विचारलं नाही. पोरानं सांगायचं आणि बापानं करायचं, ही घरातली रीत.

विश्वजितनं मला दोन्ही हातांनी उचललं. पहिला घाव केरबाच्या खांद्यावर, दुसरा जबड्यावर. हाड मोडलं ते मला आतपर्यंत कळलं. तिसऱ्या घावाला माझा पाय तुटला आणि त्याचा डोळा गेला. शंभर माणसं होती. एकानंही हात धरला नाही. पाळक हात जोडून उभे. "बाळा, बरं न्हवं."

हवालदार आला. "कुणी मारलं?"

"घंटेच्या शिडीवरनं पडला की," पाळक म्हणाले. पंचांनी जबाबाखाली सह्या ठोकल्या. केरबा दवाखान्यात, जबडा बांधलेला. त्याला बोलता यायला लागलं तोवर प्रकरण मिटलं होतं.

पुढच्या रविवारी मी खिळे खाऊन पुन्हा वेदीशेजारी. पाळक टेकले तोच धोंडुबाई तरातरा पुढं आली.

"सायेब, उठा."

"काय गं?"

"पोरानं सांगितल्यावर उठलासा न्हवं? आता मी सांगतोय, उठा."

ते उठले! तिनं मला डोक्यावर घेतलं आणि केरबाच्या अंगणात आणून ठेवलं. सहा वर्षं मी त्या एका डोळ्याच्या माणसाला सांभाळतेय.

आज पाळक आले, काठी टेकत. केरबा माझ्यावरून हलला नाही.

"केरबा, रविवारी विश्वजितला पाळक करणार हाय. मंडळीनं ठरवलंय. तेवढी खुर्ची दे. मानाची हाय."

"पोलिसात जाऊन खरं सांगा. मग न्या."

"पोटचं पोरगं हाय रं ते."

"आन् आमी? आमी कुणाची मेंढरं हुतो?"

पाळक गेले नाहीत. अंगणातच उभे राहिले, मला न्यायला टेम्पो येणार म्हणून.

केरबा उठला. "धोंडुबाई, कुऱ्हाड आण."

तिनं आणून दिली. पाळक ओरडले, "आरं, देवाची हाय ती!"

घाल घाव, केरबा. खिळे मारले तिथंच घाल, लवकर फुटेन. बंबात घाल, आंघोळीचं पाणी तापव, धूर त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जाऊ दे. पण टेम्पो वळणावर आलाय, ऐकू येतोय मला. त्या पोराच्या बुडाखाली मला पाठवू नको.