डाव्या तळहातावर

सोलापूरच्या मंगळवार पेठेत आमचं भुसार दुकान हाय. मालक माल बघायला वैरागला जातात, गल्ल्यावर मी बसते. कुणी विचारलं, "मल्लव्वा, तुमची पोरगी डॉक्टर हाय का वो?" की मी सरळ सांगते, "न्हाय. डॉक्टरांना ठावं नसतं ते शोधून काढती." लोक हसतात. हसू देत. अक्षता माझी एकुलती एक पोर. तिचं कौतुक मी न्हाय करायचं तर काय महापालिकेनं करायचं?

तिचं काम आदी सांगते, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. एमआरआयचं मशीन डोक्याचा फोटो काढतं हे सगळ्यांना म्हाईत हाय. अक्षता त्याच मशीनमधनं फोटोच्या पुढचं काढती. स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात त्याला. मेंदूच्या एका जागी कुठलं द्रव्य किती हाय ते बाहेरनंच कळतं. चिरायचं न्हाय, सुई टोचायची न्हाय. मला तर लई पटलं. आमी पोत्यात सळई खुपसून ज्वारी बघतो, आन् ही पोत्याला भोक न पाडता आतला माल सांगती! म्हाताऱ्या बायकांना इसर पडायला लागतो, तो आदीच कसा ओळखायचा, ह्यावर तिचा अभ्यास. पण आजारी मेंदू ओळखायचा तर शेजारी धडधाकट मेंदू ठेवायला लागतो की. म्हणून तिला आमच्या भागातल्या, साठीच्या पुढच्या, ठणठणीत बायका पायजे होत्या.

बायका तिच्या दवाखान्यात यायच्या. आमच्याच समाजातल्या, ओळखीच्या. चहा प्यायच्या, सही करायच्या, मंगळसूत्र आन् जोडवी काढून ठेवायच्या, आन् मशीनच्या दारातनं परत फिरायच्या. एकीचा गुडघा दुखायचा, एकीला पाहुणे यायचे. माझी नणंद महेश्वरी तर कुकर गॅसवर ठेवलाय म्हणून पळाली. घर तिकडं जुळे सोलापुरात, आन् हिचा कुकर!

दवाखान्यातल्यांना वाटलं, बायका मशीनच्या आवाजाला भितात. मशीन चालवणाऱ्या सुबोधनं त्यांना आवाज आदीच ऐकवला, कानाला भजनं लावून दिली. काय बी उपयोग झाला न्हाय. मग पुण्याच्या मोठ्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली हे काम चालतं, त्यांनी फोन करून सांगितलं, "दिवाळीपर्यंत बायका मिळाल्या नाहीत तर निरोगी बायकांचा गट आपण पुण्यातून घेऊ." त्या दिवशी अक्षता अर्धीच भाकरी खाऊन उठली.

"घेऊ दे की पुण्यातनं," मी म्हणलं. "बाई ती बाईच."

"अव्वा, इकडचं खाणं वेगळं, पाणी वेगळं, राबणं वेगळं. सोलापूरच्या बाईचं डोकं पुण्याच्या मापानं का मोजायचं?"

हे मात्र मला झोंबलं. म्हणलं, "साठी माझी बी उलटलीय. उद्या मी येते. बघू कोण पळतंय ते."

चांगलं इरकल नेसून गेले, तर त्यांनी गाऊन घालायला दिला. बरं, घातला. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, कानातलं काढलं. दारात सुबोधनं विचारलं, "मावशी, अंगावर आणखी काही धातू?"

आन् माझा हात छातीवर गेला.

गळ्यात चांदीच्या करडगीत, म्हंजी डबीत, माझं इष्टलिंग, आमा लिंगायतांचा अंगावरचा देव. दीक्षा झाल्यापासनं ते अंगावेगळं केलेलं न्हाय, आजारपणात न्हाय की बाळंतपणात न्हाय. एका दमात मला सगळ्या बायका कळल्या. तो गुडघा, ते पाहुणे, तो कुकर! मंगळसूत्र काढतील, पण हे न्हाय. आन् परक्या बाप्याला छातीशी काय हाय ते सांगायचं कसं, म्हणून थापा मारून पळाल्या. सुबोधला बिचाऱ्याला काय ठावं.

मी काय पळणारी न्हाय. मोठ्यानं म्हणलं, "गळ्यात लिंग हाय. आन् ते मी काढणार न्हाय."

काचेपल्याड बसलेली अक्षता उठून दारात आली. तिचा चेहरा एवढासा झाला. "अव्वा, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"कसं येईल? हॉस्टेलला गेलीस तवापासनं तुझं लिंग देवघरात बसलंय!"

बोलले आन् जीभ चावली. चारचौघांत काढायची गोष्ट नव्हती ती. अक्षतानं माझ्या गळ्याकडं बघितलं. आता ही म्हणणार, अव्वा, थोडाच वेळ, माझ्यासाठी. लई उशिरानं झालेली पोर ही. तिनं तोंड उघडून मागितलं आन् मी न्हाय म्हणलं, तर तिचं काम गेलं. व्हय म्हणलं, तर उद्या पूजेला बसू कुठल्या तोंडानं?

अक्षता म्हणली, "काढू नकोस. मी आधी मशीनलाच विचारते."

मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं देवळाजवळच्या दुकानातनं एक नवं लिंग आणलं. दीक्षा झालेली नसली की तो नुसता दगडच, त्याची तपासणी केली तर पाप न्हाय. हे मला विचारूनच केलं, बरं का. करडगी मात्र बाद केली. चांदी चुंबकाला चिकटत न्हाय, पण तिच्या फिरकीत लोखंडाची तार असली तर मशीनमध्ये धोका. मग ते लिंग आदी हातातल्या चुंबकानं तपासलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आन् मशीनमध्ये ठेवलं, शेजारी मेंदूच्या जागी चाचणीची द्रव्यं भरलेली बाटली. एकदा लिंगासकट मोजलं, एकदा लिंगाशिवाय. पडद्यावर दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, म्हंजी लिंगानं मोजणीत काय बी फरक पडत न्हाय. ते कागद घेऊन ती दवाखान्याच्या, असल्या कामांना परवानगी देणाऱ्या समितीपुढं गेली, भांडली, आन् परवानगी घेऊनच आली.

मग माझी पाळी. चुंबक तिनं माझ्याच हातात दिला. "तूच फिरव. तुझ्या लिंगाला मी हात लावत नाही." मी करडगी उघडून लिंग फडक्यात बांधलं आन् वरनं चुंबक फिरवला. काय सुदीक ओढलं न्हाय.

"आता डाव्या तळहातावर धर," ती म्हणली. "पूजेला धरतेस तसं. फक्त हलू नकोस."

आन् मी हिला टोमणा मारलेला! सगळं ध्यानात होतं की पोरीच्या.

आत मशीन धडाडत होतं. गिरण्या चालू होत्या तवा असलाच आवाज पेठेत यायचा. मी डोळे मिटून पडले, तळहातावर माझा देव, आन् काचेपल्याड माझी पोर. भीती कसली वाटायची?

बाहेर आल्यावर तिनं पडदा दाखवला. उंच-बुटके सुळके होते. "हा सगळ्यात उंच बघ. मेंदूच्या पेशी धडधाकट असल्याची खूण. तुझा झकास आहे, अव्वा!"

"मग ते तुझ्या आत्याला सांग. माझं लग्न झाल्यापासनं म्हणती, मल्लव्वाचं डोकं फिरलंय."

सुबोध हसला. अक्षताच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुढं इकडची कुठलीबी बाई आली की तिच्या रेघा तुझ्या रेघांशी लावून बघणार आम्ही," ती म्हणली. घाईत माझ्यासारखंच बोलली.

महेश्वरीला मीच धरून आणलं. "कुकर उतरला का?" मी विचारलं. "गप बस वैनी," म्हणली आन् मुकाट्यानं आत गेली. बाहेरच्या खोलीत मी बसायची. एकेक बाई करडगी उघडून लिंग फडक्यात बांधायची आन् रिकामी करडगी माझ्या पदरात ठेवायची. एक बी दारातनं परत फिरली न्हाय. दिवाळीच्या आदी गट पुरा झाला, सगळाच्या सगळा सोलापूर भागातला.

अक्षतानं लेख लिहिला. पुण्याच्या मॅडमनी त्यातली एक ओळ खोडली. मी भाकरी थापत होते, फोन स्पीकरवर होता. "ती लिंगाची ओळ कशाला? तिचा निकालाशी काय संबंध?"

अक्षतानं आवाज चढवला न्हाय. "मॅडम, ती ओळ नसेल तर उद्या दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात बाई दारातून परत जाईल आणि तिथले लोक लिहितील, मशीनला घाबरली. आम्ही तसंच लिहीत होतो."

मग मॅडम म्हणल्या, "बरोबर आहे तुझं. राहू दे."

तव्यावरची भाकरी करपली. करपू दे म्हणलं.

लेख छापून आला तवा ती तशीच दुकानात आली. सगळं इंग्रजी. "माझं नाव कुटं हाय?" मी विचारलं.

"नावं छापत नाहीत, अव्वा. पण हे ऐक." तिनं बोट ठेवून वाचलं, आदी मराठीत, मग आमच्या घरच्या कन्नडमध्ये. "ज्यांच्या गळ्यात इष्टलिंग होते, त्यांनी ते पांढऱ्या कापडात बांधून डाव्या तळहातावर धरले. कोणालाही ते अंगावेगळे करावे लागले नाही."

मी पदरानं डोळे पुसले. अभिमानानं ऊर नुसता भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

"परत वाच," मी म्हणलं. "आन् जरा मोठ्यानं. दुकानात गिऱ्हाइकं उभी हाईत की."