चिंचेने घासलेला गंज

मित्रांनो, आधी नीट बसा. भिंतीला रेलून ऐकण्याची ही हकिगत नव्हे.

मी एक जुना अंतराळसैनिक आहे. माझी उंची वीतभराला दोन बोटे कमी, अंग प्लास्टिकचे आणि सांधे चौदा. त्यांतले तेरा जन्मजात आहेत. चौदावा, डाव्या खांद्याचा, झाशीच्या रत्नाकररावांनी स्वतःच्या हाताने घडवला आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात साच्यातून झाला. त्या जन्माचा मी कधी तोरा मिरवला नाही. साच्यातून बादलीही निघते. वस्तूला मोल येते ते पुढे तिच्यावर कोणाचे हात फिरले यावरून, आणि मी आज बोलतो आहे तो त्या हातांविषयीच.

सुमारे बत्तीस वर्षांपूर्वी सदर बाजारातल्या एका दुकानातून रत्नाकररावांनी मला आपल्या मुलासाठी, आशुतोषसाठी, घरी आणले. खंडेराव गेटच्या आत, अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचे घर होते आणि अजून आहे. आशुतोषने माझे नाव 'कप्तान' ठेवले. पतंगाच्या दोरीने तो मला गच्चीवरून खाली सोडी. पाण्याच्या टाकीत बुडवून माझे शौर्य पाही. एका उन्हाळ्यात त्याने मला कूलरच्या जाळीतून आत शिरवले आणि पंख्याने माझा डावा हात उडवला. तो दोन दिवस नीट जेवला नाही. खेळण्यासाठी कोणी उपाशी राहावे, यापरते कौतुक मला ठाऊक नाही.

पुढे आशुतोष मोठा झाला, शिकायला पुण्याला गेला आणि नोकरी धरून तिकडचाच झाला. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलो. त्या वीस-बावीस वर्षांचे वर्णन मी करणार नाही. अंधारात सांगण्यासारखे काही घडत नाही.

रत्नाकररावांनी उभी हयात एका मोठ्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर एकदा पेचकस शोधताना त्यांनी डबा उघडला आणि मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला खिडकीपाशी नेले, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "कप्तानसाहेब, तुमच्यावर काम करावं लागेल."

पण माझ्यावर हात चालवण्याआधी ते इतरांवर शिकले. जुन्या बाजारातून मोडकी खेळणी आणावीत, उकळत्या पाण्यात टाकून त्यांचे सांधे मऊ करावेत, हातपाय सोडवावेत, एकाचे धड आणि दुसऱ्याचे मस्तक जुळवून तिसराच योद्धा उभा करावा, असा त्यांचा उद्योग सुरू झाला. त्यांच्या पत्नी जानकीबाईंचे माहेर झाशीजवळच्या गुरसरायचे. घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना हा उद्योग पाहवेना.

"साठी उलटली आणि हे बाहुल्या खेळायला लागले!"

"बाहुल्या नव्हेत, जानकी. सैनिक आहेत."

"तुमचा सैनिक माझ्या पातेल्यात उकळतो आहे. ते पातेलं खिरीचं आहे. त्याला बाहेर काढा, नाही तर आज त्याचीच खीर वाढते."

सैनिक मुकाट्याने बाहेर निघे. दुसऱ्या दिवशी दुसरे पातेले गायब होई.

सात-आठ योद्धे घडल्यावर माझी पाळी आली. दोन गोळ्या एकत्र मळल्या की घट्ट होणारी पुट्टी, तांब्याची तार आणि घड्याळातली तीन बारीक चाके यांपासून त्यांनी मला डावा हात दिला. मग माझ्यासाठी भूमी रचली. थर्माकोलचे खडक कोरले, कागदाच्या लगद्याने ते मढवले आणि वर एरच गावाहून आणलेली बेतवा नदीची वाळू चिकटवली. शाम्पूच्या बाटलीपासून कोसळलेले यान केले. त्याच्या खिडक्यांना औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या लावल्या. कल्पना अशी की एका ओसाड ग्रहावर यान पडले आहे आणि त्याचा कप्तान शंभर वर्षे पहाऱ्यावर उभा आहे.

त्या पट्ट्या कसल्या गोळ्यांच्या होत्या, हे त्यांच्याखेरीज घरात फक्त मला ठाऊक होते. रत्नाकररावांचा उजवा हात थरथरू लागला होता. ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधाने तो थोडा आवरेल, पण जाणार नाही, असेही सांगितले. घरी मात्र ते म्हणाले, "थोडा अशक्तपणा आहे." सांडू नये म्हणून चहा ते अर्धाच कप घेऊ लागले. सही करण्याचे काम टाळू लागले. आणि मला, कोणी जवळ नसताना, हे सारे सांगून म्हणाले, "कप्तान, तुमच्यानंतर कोणी नाही. हात आहे तोवर तुम्हांला उभं करतो."

मित्रांनो, शंभर वर्षांचा पहारा दाखवायचा तर अंगावर गंज हवा. गंज रंगवणे सोपे आहे असे तुम्हांला वाटेल. तो कोठेही येत नाही. पाणी जिथे थबकते तिथे येतो, खिळ्याच्या खालून ओघळतो, आणि जिथे रोज हात लागतो तिथे मुळीच येत नाही. रत्नाकरराव मनगट डब्याच्या कडेला टेकवून, श्वास रोखून, एका वेळी एक ठिपका ठेवत. हात हलला की थांबत. असे तीन महिने गेले. शेवटी रंगीत खडूंची पूड त्यांनी माझ्या खांद्या-कोपरांच्या सांध्यांत बसवली. आता फक्त वरून लाखेचा पारदर्शक थर द्यायचा होता. पण चैत्र लागला होता, वाऱ्याबरोबर धूळ येत होती आणि ओल्या लाखेवर ती चिकटली असती. म्हणून ते वारा पडण्याची वाट पाहत राहिले.

त्याच चैत्रात जानकीबाईंच्या चैत्रगौरीचे हळदीकुंकू आले. त्यांच्या आरासीच्या पाच पायऱ्या असत. सर्वांत वर झोपाळ्यात अन्नपूर्णा, खाली चांदीची भांडी, लाकडी खेळणी, कलिंगडाची कमळे. त्या आरासीत काय ठेवावे याविषयी आजवर घरात कोणाला मत नव्हते. त्या वर्षी मात्र आदल्या संध्याकाळी त्या माझ्या खडकांसमोर थांबल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "खालची पायरी रिकामी ठेवते आहे. तुमचं ते यान ठेवा तिथे. लोकांना कळू दे तुम्ही दिवसभर काय करता ते."

रत्नाकररावांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखे त्याच्यावर काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते कैऱ्या आणायला गेले. जानकीबाईंनी मोरीत पाट मांडला आणि आरासीतली एकेक वस्तू घासायला घेतली. गौरीपुढे जे ठेवायचे ते लख्ख असले पाहिजे, हा त्यांच्या घरचा नियम. समया झाल्या, तबके झाली, चांदीचा हत्ती झाला. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अगबाई, हा किती कळकट! सांध्यासांध्यांत मळ साचलाय."

आणि त्यांनी मला चिंचेने घासले. आकसाने नव्हे, चांदीच्या हत्तीइतक्याच मायेने. काथ्याने, बोटाने आणि सांध्यांत पोचावे म्हणून दात घासायच्या जुन्या ब्रशने. तीन महिन्यांचा श्वास मोरीच्या जाळीतून निघून गेला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. सैनिकाला तोंड रंगवलेले असते, मित्रांनो. उघडता येत नाही.

रत्नाकरराव परतले तेव्हा मी पाटावर चकचकीत उभा होतो.

"बघा, कसा नवा करकरीत केला!" जानकीबाई म्हणाल्या. "केवढा मळ होता! निघता निघेना."

रत्नाकररावांनी कैऱ्यांची पिशवी खाली ठेवली. मला उचलले, उलटसुलट पाहिले. "हो," ते म्हणाले. "छान स्वच्छ झालाय."

ते खोलीत गेले, मेजाशी बसले आणि कुंचला रंगात बुडवला. माझ्या कमरेपाशी नेला. हात थरथरला आणि माझ्या छातीवरून शिरस्त्राणापर्यंत तपकिरी फराटा उठला. त्यांनी तो पुसला. पुन्हा कुंचला नेला. पुन्हा फराटा. मग त्यांनी कुंचला धुऊन ठेवला आणि रंगाच्या डब्यांची झाकणे एकामागून एक घट्ट लावू लागले.

जानकीबाई दारात उभ्या होत्या. कैऱ्या सोलायला चाकू घेतला होता, तो हातात तसाच राहिला.

"तो मळ नव्हता का हो?"

"नव्हता."

"तुम्ही रंगवला होता?"

"जाऊ दे, जानकी. तू चांगल्या मनानं केलंस."

"चांगल्या मनाचं राहू द्या. हात असा केव्हापासून हलतोय?"

जानकीबाई आत आल्या, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. "अशक्तपणा म्हणे! मला अर्धा कप चहा दिसत नाही असं वाटलं होय तुम्हांला? वाट बघत होते, केव्हा सांगताय ते."

"सांगून काय होणार होतं?"

"निदान मी चिंच घेऊन बसले नसते." त्यांचा आवाज खाली आला. "उघडा ती झाकणं. कुठे काय होतं ते मला सांगा."

"तुला नाही जमायचं. याला फार बारीक हात लागतो."

असे वाक्य त्या घरात सहसा कोणी उच्चारत नसे. जानकीबाईंनी चाकू मेजावर ठेवला. "दारातलं चैत्रांगण कोण काढतं? शंख, चक्र, कासव, नागाची जोडी, गौरीची पावलं. कधी फूटपट्टी घेतलेली पाहिलीत? कधी रेघ पुसलेली पाहिलीत? सांगा म्हटलं ना."

ते सांगू लागले. आधी जुना फराटा पुसायचा, मग डिंकाचे पातळ पाणी, तेही फक्त जिथे गंज हवा तिथेच. त्यांची खडूची पूड जानकीबाईंनी दोन बोटांत चोळून पाहिली आणि नाक मुरडले. "ही जाडीभरडी आहे. रांगोळीला आम्ही अशी घेत नाही." त्यांनी गेरू आणला, सहाणेवर घासला, वाळवून वस्त्रगाळ केला, त्यात काजळ मिसळले. मग चिमटीत धरून, कुंचल्याशिवाय, माझ्या खांद्याच्या सांध्यात इतका बारीक सोडला की मला त्याचा भारही जाणवला नाही.

"थोडा खाली," रत्नाकरराव म्हणाले. "पाणी खाली ओघळतं."

"इथे?"

"अजून. बस. आता छातीच्या खिळ्याखाली, अगदी टोकभर."

"एवढं हुकूम सोडायला येतं तर इतकी वर्षं गप्प का होतात?"

"संधी कुठे दिलीस?"

जानकीबाई हसल्या, पण हात हलला नाही. मी सैनिक आहे. शिस्तीचा हात ओळखतो. ज्या बाईंनी जन्मभर हुकूम दिले त्या त्या दुपारी इंचाइंचाला विचारत होत्या, आणि ज्यांनी जन्मभर ऐकले ते न अडखळता सांगत होते. कैऱ्या पिशवीत राहिल्या. हरभऱ्याची डाळ पाण्यात फुगून बसली. वारा पडला होता. चार वाजता त्यांनी मिळून लाखेचा थर दिला. फवाऱ्याचा डबा जानकीबाईंनी धरला, अंतर रत्नाकररावांनी सांगितले.

पाच वाजता बायका आल्या. आंबेडाळ नव्हती. जानकीबाईंनी सर्वांना आदल्या दिवशी करून ठेवलेले नुसते पन्हे दिले आणि कोणाला कारण सांगितले नाही. शेजारच्या शुक्लाइन भाभी आरासीपुढे वाकून पाहू लागल्या.

"जिज्जी, ये नीचे वाला कौन है? बेचारा कब से खड़ा है?"

"सौ साल से," जानकीबाई म्हणाल्या. "ड्यूटी पे है."

"हाय राम. इसे कोई बिठाता काहे नहीं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले रत्नाकरराव मोठ्याने हसले. बायका पांगल्यावर ते माझ्याजवळ आले, चष्मा सारखा केला आणि निरखून पाहू लागले.

"जानकी, उजव्या गुडघ्यावर गंज कोणी सांगितला होता? तिथे मी काढला नव्हता."

"मला कशाला कोणी सांगायला हवं? शंभर वर्षं उभा आहे ना तो? मग आधी गुडघाच जाणार. ते तुम्हांला नकाशात दिसायचं नाही, मला विचारा."

रत्नाकरराव गुडघ्याकडे पाहत राहिले. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकलं होतं."

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात असतो. माझ्या अंगावरचा गंज पूर्वीचा नाही. पूर्वीचा कोणाला पुन्हा करता येणार नाही, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. ती नाही असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. रत्नाकररावांचा हात आता आणखी हलतो. तरी सकाळी खिडकीपाशी मेजाला दोन खुर्च्या लागतात. एका खुर्चीवरून सांगणे चालते, दुसरीवरून चिमूट, आणि मधोमध एक मोडका यंत्रमानव आपल्या नव्या पायाची वाट पाहत पडलेला असतो. खिरीच्या पातेल्यावरून भांडण अजून होते. मात्र आता पातेले जानकीबाई स्वतःच काढून देतात.

तुमच्याकडे माझे मागणे मोजकेच आहे, आणि ते मी विनंती म्हणून करीत असलो तरी तुम्ही आज्ञा म्हणून पाळा. दुसऱ्याची वस्तू हाती आली, तर ती पुसण्याआधी त्याला विचारा. ज्याला तुम्ही डाग म्हणाल, त्यावर कोणाचे महिने गेलेले असतील. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थकलेला दिसला, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. खुर्ची ओढा, समोर बसा, आणि कुठे काय ठेवायचे ते त्याला सांगू द्या.