शंभरातले पास किती?

वहिनी आणि बेबी या नणंद-भावजयींचं चष्म्यांचं दुकान होतं. वहिनी डोळे तपासून नंबर काढायची. बेबी काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि बसवता बसवता गिऱ्हाइकाच्या घरातली सगळी बित्तंबातमी काढून घ्यायची. बेबीने चाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती बेबीच राहिली होती. आता तर गिऱ्हाइकंही तिला बेबीताई म्हणत. दोघींचं इतकं मेतकूट होतं की वहिनीचा नवरा, म्हणजे बेबीचा दादा, चारचौघांत सांगायचा, "लग्नात मला बायको मिळाली की बेबीला मैत्रीण, हे मला अजून कळलेलं नाही."

या दोघींमध्ये पहिली खरी कटकट आणली ती एका बॅटरीच्या कंपनीने.

कंपनी वहिनीने शोधली होती. दुपारी दुकानात सामसूम असली की ती वाचत बसायची, आणि एका दुपारी तिच्या वाचनात हे आलं. नेहमीच्या बॅटरीत द्रव असतो. तो तापतो, कधी पेटतो. या कंपनीने द्रवाच्या जागी चिनीमातीसारखा एक घट्ट पापुद्रा बसवला होता. पेट घेण्याची भीती फारच कमी, आणि कॉफी पिऊन होईपर्यंत विजेवरची गाडी चार्ज. वहिनीने हे बेबीला इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने समजावलं की शेवटी बेबी म्हणाली, "बाई गं, घेऊन टाक, पण आता मला पापुद्रा सांगू नकोस."

दोघींनी आपापल्या शिलकीतून सारखेच पैसे घालून कंपनीचे शेअर घेतले. खातं वहिनीच्या नावावर होतं. काउंटरपाशी उभ्या उभ्याच दोन गोष्टी ठरल्या. दहा वर्षं हात लावायचा नाही, आणि विकायचं झालंच तर दोघींचं 'हो' असल्याशिवाय विकायचं नाही. ही दुसरी अट बेबीनेच घातली होती, तीही हसत हसत.

पहिल्या वर्षी भाव वर गेला. बेबी गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवता दाखवता गुंतवणुकीचे सल्ले देऊ लागली. मग भाव उतरायला लागला आणि उतरतच राहिला. कंपनी दरवर्षी सांगायची की कारखान्यातली बॅटऱ्या बनवायची पहिली लाइन पुढच्या वर्षी सुरू होईल. पुढचं वर्ष यायचं आणि लाइन त्याच्याही पुढच्या वर्षात जाऊन बसायची.

"यांचं कॅलेंडर वेगळं छापतात का गं?" बेबी एकदा म्हणाली.

वहिनीला हसू आलं नाही. ती म्हणाली, "नवीन गोष्टीला वेळ लागतो."

"हे तू मला तिसऱ्यांदा सांगतेयस."

"कारण तू तिसऱ्यांदा विचारतेयस."

अशातच काचा घासायच्या मशीनने मान टाकायला सुरुवात केली. काच फ्रेमच्या मापाची होत आली की अगदी शेवटी तिच्या कडेचा टवका उडायचा. महागाची काच कचऱ्यात जायची, आणि चष्मा उद्या मिळेल असं गिऱ्हाइकाला सांगताना बेबीचा चेहरा पडायचा. दुरुस्तीवाल्याने येऊन बघितलं आणि याचे सुटे भाग आता मिळत नाहीत असं सांगून हात झटकले.

"वहिनी, शेअर विकू या," बेबी म्हणाली. "नवं मशीन घेऊ."

"आत्ता? तळाला असताना? आता विकलं तर तोटा पक्का होईल."

"तोटा झालेलाच आहे. तू त्याच्याकडे बघत नाहीस, एवढंच."

"आणि आपण विकल्यावर लाइन सुरू झाली तर?"

"आणि नाही झाली तर?"

मग भांडण दुसऱ्याच गोष्टींवर घसरलं. दुकानात पंखा कोण चालू ठेवतं, बिलं कोण विसरतं. दादाचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. जेवताना दोघींनी त्याला पंच नेमलं. तो म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सगळी बटणं दाबत सुटतात. मी वरून एवढंच ओरडतो की शांत राहा. तुम्हालाही तेच सांगतो." त्यावर दोघी मिळून त्याच्यावरच उखडल्या. त्या आठवड्यात दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

शेवटी वहिनीनेच तोडगा काढला. कंपनीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात होती. "जाऊ या. समोरासमोर विचारू. मग ठरवू." बेबी कुरकुरत तयार झाली.

सभा दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दोघी दुकान बंद ठेवून पहाटेच्या बसने गेल्या. हॉलमध्ये एसी इतका गार होता की बेबीने पर्समधला रुमाल काढून गळ्याभोवती गुंडाळला. व्यासपीठाशेजारी एक गाडी आडवी कापून ठेवली होती, आतली बॅटरी दिसावी म्हणून. लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण यांच्यासारखेच होते. पेन्शनवाले, मास्तर, दुकानदार. ज्यांनी खरोखर मोठा पैसा घातला होता ते बहुधा अशा सभांना येत नसावेत.

आधी फिल्म झाली. गाडी डोंगरातून पळत होती. मग पांढऱ्या बुटांतले संचालक उठले आणि या वर्षीच्या प्रगतीबद्दल आपल्याला किती उत्साह वाटतो ते सांगू लागले. मग प्रश्न. एका आजोबांनी प्रश्न विचारायला माइक घेतला आणि संचालकांचं अभिनंदन करून परत दिला. एका गृहस्थांनी पार्किंगची तक्रार केली. वहिनी हात वर करून करून अवघडली, तेव्हा कुठे माइक तिच्याकडे आला.

तिने प्रश्न घोकून आणला होता. "आमचं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासताना काही फुटतात. किती फुटतात त्यावर आमचा धंदा चालतो. तुमचा तो पापुद्रा तर काचेहून नाजूक. मला एवढंच विचारायचंय, की बॅटरीचे शंभर सेल बनवले तर त्यातले पास किती होतात? आकडा सांगायचा नसेल तर नका सांगू. मागच्या वर्षीपेक्षा वाढले की कमी झाले, तेवढं सांगा."

"फार छान प्रश्न," संचालक म्हणाले.

"संपलं," बेबी पुटपुटली.

"तो आकडा आम्ही जाहीर करत नाही. वाढला की घटला, हेही नाही. आमचे स्पर्धक ही सभा बघत असतात. आम्ही कुठपर्यंत पोचलोय हे त्यांना कळलं तर नुकसान शेवटी तुमचंच, भागधारकांचं आहे. पण एवढं सांगतो, की आम्ही योग्य मार्गावर आहोत."

टाळ्या पडल्या. वहिनी म्हणाली, "पण मग आम्हाला कसं कळायचं?" पण माइक पुढच्या रांगेत गेला होता आणि तिचं बोलणं शेजारच्या दोन खुर्च्यांपलीकडे गेलं नाही.

तिला जास्त चीड कशाची आली असेल, तर उत्तर अगदीच खोटं नव्हतं याची. त्यात तथ्य होतं. कोणताही शहाणा मालक तेच बोलला असता. आणि लपवण्यासारखं काही असतं तरी तो तेच बोलला असता.

मध्यंतरात कॉफीच्या टेबलापाशी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक इंजिनीअर बिस्किटं खात उभा होता. बेबीने त्याला बरोबर हेरलं. माणसाला बोलतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय," ती म्हणाली. "द्या इकडे." तिने तो घेतला, दांड्या बोटांनी जराशा वाकवल्या आणि परत दिला. मग विचारलं, "तुम्ही तरी सांगा. चालणार का हे?"

तो कसनुसा हसला. "ताई, मला यातलं काही बोलता येत नाही. नोकरी जाईल."

"आकडा नको हो. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सोमवारी वाटतं की जमलं. गुरुवारी वाटतं, कशाला या फंदात पडलो. माझेही शेअर अडकलेत यात. आकडाही मला माहीत आहे. पण पुढे काय होणार ते त्या आकड्यावरून कळत असतं, तर मी इथे बिस्किटं खात उभा राहिलो असतो का?"

परतीच्या बसमध्ये वहिनी म्हणाली, "तो माणूस प्रामाणिक वाटला."

"प्रामाणिक होताच. त्याला माहीत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं."

"म्हणजे आशा आहे."

"वहिनी!" बेबीचा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघू लागल्या. "आशा आहे म्हणूनच मी म्हणतेय, विकू या. आशा नसती तर आपले शेअर कोणी विकतच घेतले नसते! तुला पैसे नकोयत. तुला एक दिवस बरोबर ठरायचंय. आणि तोवर मी गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या सांगत बसू?"

वहिनीला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. बस स्टँडवर शिरताना ती म्हणाली, "तुझा अर्धा हिस्सा विकते. माझा राहू दे."

"रागावून म्हणतेस?"

"हो. पण विकते."

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. बेबीच्या वाट्याला घातलेल्यापेक्षा बरंच कमी आलं, पण मशीनपुरतं झालं. नवं मशीन आलं, काचा नीट निघू लागल्या, आणि बेबी शीळ घालत काम करू लागली.

मशीनचं खोकं अजून मागच्या दारात पडलेलं असतानाच बातमी आली. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने बॅटरी कंपनीशी करार केला होता. भाव असा उसळला की दोघींनी ज्या किमतीला घेतले होते, तिच्याही वर गेला.

त्या दिवशी बेबीने एका गिऱ्हाइकाचा चष्मा दुसऱ्याच्या पाकिटात घातला. जेवणाचा डबा तिने उघडलाच नाही. वहिनी तिच्या आसपास घोटाळत राहिली. शेवटी बेबीच फाटकन म्हणाली, "बोल ना एकदाचं."

"काय बोलू?"

"मी सांगितलं होतं, असं."

"मी कुठे काय सांगितलं होतं? मला काही माहीतच नव्हतं." आणि हे बोलताना वहिनीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, कारण इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, आणि तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात कंपनीने आणखी एक घोषणा केली. लाइन उभी करायला पैसा कमी पडत होता, म्हणून नवे शेअर काढले जाणार होते. एकाच भाकरीचे जास्त तुकडे व्हावेत, तसा प्रत्येकाचा वाटा लहान झाला. भाव कोसळला, आणि बेबीने जिथे विकले होते त्याच्याही खाली गेला.

आता बेबी वहिनीवर तापली. "हातातोंडाशी आलं होतं. तेव्हा का नाही विकलेस?"

"विकायला काहीतरी कारण लागतं!"

"भाव वर गेला, हे कारण नव्हतं?"

"वर गेला हे कारण धरलं असतं, तर तो खाली गेला हेही विकायला कारण झालं असतं. मग मी इतकी वर्षं धरून कशाला बसले?" वहिनीचा आवाज चिरकला. काउंटरवर फ्रेम बघणाऱ्या गिऱ्हाइकाने हळूच फ्रेम खाली ठेवली आणि "नंतर येतो" म्हणून काढता पाय घेतला.

वहिनी तपासणीच्या खोलीत गेली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा तक्ता होता. सगळ्यात खालची बारीक ओळ तिने चष्मा न लावता घडाघडा वाचली. मग तिच्या लक्षात आलं, की ही ओळ तिला दिसत नाहीये, पाठ आहे. पेशंट असं करायला लागला की ती तक्ता बदलायची. ती तिथे बराच वेळ बसून राहिली. बेबीने दार उघडलं नाही, पण दाराबाहेर तिची चाहूल मात्र लागत होती.

बाहेर येऊन वहिनी म्हणाली, "पुढच्या सभेत परत तोच प्रश्न विचारणार. तेच उत्तर मिळालं तर विकणार. भाव कितीही असो."

"आणि वेगळं उत्तर मिळालं तर?"

"तर बघू."

पुढच्या वर्षी खर्च वाचवायचा म्हणून कंपनीने हॉल घेतलाच नाही. सभा फोनवर, कॉम्प्युटरवर. प्रश्न आधी लिहून पाठवायचे, आणि त्यातले निवडक वाचले जाणार. वहिनीने प्रश्न पाठवला. दुपारी दुकानाचं दार लोटून दोघी काउंटरवर फोन टेकवून बसल्या. फिल्म झाली. उत्साह झाला. निवडक प्रश्न झाले. त्यात एक होता, कंपनीच्या नव्या लोगोचे रंग कसे ठरले.

वहिनीचा प्रश्न वाचलाच गेला नाही. पडद्यावर 'धन्यवाद' आलं आणि संगीत सुरू झालं.

"आता?" बेबीने विचारलं.

"तेच उत्तर मिळालं तर विकेन म्हटलं होतं. उत्तर तर मिळालंच नाही." बोलता बोलता वहिनी थांबली. आपण काय बोलतोय हे तिला स्वतःलाच ऐकू आलं.

बेबीने फोन उचलून वहिनीच्या हातात दिला.

वहिनीने खातं उघडलं. आकडा घालताना तिचा अंगठा दोनदा चुकला. बेबीला मिळाले होते त्याहूनही कमी मिळणार होते. तिने दात ओठ खात बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला.

"सगळे?" बेबी म्हणाली.

"एक ठेवला."

"एक? त्या एकाचं काय करणार? लोणचं?"

"एक शेअर असला तरी मला सभेला बोलवावं लागतं त्यांना," वहिनी म्हणाली. "जिवंत आहे तोवर विचारत राहणार. लोगोचे रंग म्हणे!"

बेबीला हसू फुटलं, आणि ते आवरता आवरेना. वहिनीला मात्र हसू आलं नाही. तिने डोळे पुसले, चष्मा पुसला आणि दुकानाचं दार उघडलं. बाहेर एक बाई तुटकी दांडी हातात धरून केव्हाची उभी होती.