काल्याला उभं ऱ्हायचंय

सोलापुरातल्या कृत्रिम पायांच्या केंद्रात नवा पाय बसवून घ्यायला जो कुणी यायचा, त्याला यास्मीन माप घेण्याआधी एक प्रश्न विचारायची. "पाय आला की पहिल्यांदा काय करायचंय?" कुणी सांगायचं, रानात जायचंय. कुणी सांगायचं, बाजारात. एका म्हाताऱ्यानं तर "सुनेला न सांगता टपरीवर जाऊन चहा प्यायचाय" असं कानात सांगितलं होतं. वळसंगच्या केराबाईंनी डोळे मिटले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"उभं ऱ्हायचंय."

"कुठं, काकू?"

"काल्याला. सप्त्याच्या शेवटच्या सकाळी."

सोबत आलेली सून, ऋतुजा, मग सगळं सांगत बसली. गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस पारायण, रोज कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी कृष्णानं गोपाळांसोबत दहीलाह्यांचा काला केला त्याचं कीर्तन. ते कीर्तन केराबाईंचं. सासरी आल्यावर सासऱ्यांच्या मागं टाळ धरून उभ्या राहिल्या, आणि सासरे गेल्यावर गावानं हार त्यांच्याच गळ्यात घातला. गेल्या साली साखरेनं डावा पाय सडला. गुडघ्याखाली कापावा लागला. त्या साली काल्याला वैरागहून एक महाराज आणले. केराबाई घरात पडून लाऊडस्पीकरवर ऐकत होत्या.

"चांगलं केलं त्यांनी," केराबाई मध्येच म्हणाल्या. "पर लई घाईत केलं. गोपाळांना जेवू बी दिलं न्हाय नीट."

यास्मीन हसली. "बसून नाही का करता येत, काकू? खुर्चीवर?"

"पोरी, देव समोर विटेवर उभा, टाळकरी मागं उभे, मदी मीच तेवढी बसू? बसलं म्हनून वाचा काय बसत न्हाय माजी. पर अंगच उठत न्हाय मग."

यास्मीननं मान डोलावली आणि कामाला लागली.

आता त्या कामाचं काय सांगावं! केराबाईंना वाटलं होतं, सुतार पलंगाला खूर बसवतो तसं काहीतरी असणार. इथं यास्मीननं हातात मोबाइलएवढं एक यंत्र घेतलं आणि कापलेल्या पायाभोवती आरती ओवाळावी तसं सावकाश फिरवलं. ना प्लास्टर, ना ओल्या पट्ट्या. समोरच्या पडद्यावर केराबाईंचा अर्धा पाय जसाच्या तसा उभा राहिला. हाड कुठं टोचतं, मांस कुठं मऊ आहे, शिवण कुठं दुखते, सगळं त्या चित्रावर रंगवलं गेलं. दुसऱ्या यंत्रानं त्या चित्रावरनं थरावर थर चढवत एक खोळ छापली. पाय बसायची ती वाटी. वाटीला बाहेरनं एक चकती होती, ती फिरवली की वाटी आवळायची, उलटी फिरवली की सैल व्हायची.

"साखरवाल्यांचा पाय सकाळी एक असतो, संध्याकाळी एक," यास्मीन सांगत होती. "सुजला की सैल करायचं. तुमचं तुम्ही. मला फोन करायचा नाही."

"मंजी चोळीची गाठ जणू," केराबाई म्हणाल्या, आणि ऋतुजा तोंडाला पदर लावून हसली.

खाली कार्बनचं पाऊल होतं. काळं, पातळ, हातात घेतलं तर पेरूच्या ओल्या फांदीसारखं लवणारं. टाच टेकली की ते दबायचं आणि पाऊल उचलताना दबलेलं बळ परत द्यायचं. केराबाईंनी ते कपाळाला लावलं. लाज वाटली नाही त्यांना. टाळ लावतात, वीणा लावतात, मग हे का नको?

"आता एक करा," यास्मीन म्हणाली. "तुम्ही जे पायताण घालणार, तेच घेऊन या. त्याच्या टाचेच्या उंचीवर मी पाय उभा करणार. आणि काकू, उजव्या पायाला साखरेमुळं काही कळत नाही तुमच्या. खडा टोचला तरी समजायचं नाही. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. न्हाणीत पण नाही. मान्य?"

"मान्य."

ऋतुजानं सोलापुरातल्याच मधल्या मारुतीजवळच्या दुकानातनं मागं पट्टा असलेले सँडल आणले, चांगली दोन बोटं टाच असलेले. घरासाठी तसाच दुसरा जोड. त्या टाचेवर यास्मीननं पाय उभा केला. लोखंडी नळीच्या सांध्यातले चार बारके स्क्रू, हातात बारीक पाना. केराबाईंना दोन दांड्यांच्या मधोमध चालवायचं, थांबवायचं, पाव आटा फिरवायचा, पुन्हा चालवायचं. जमिनीवर एक पट्टी अंथरली होती. तिच्यावर पाऊल पडलं की पडद्यावर रंग उमटायचे. भार जास्त पडला तिथं लाल, बेताचा तिथं हिरवा.

सोबत एकदा हिंदुराव आला होता. केराबाईंच्या कीर्तनाचा मृदंगवाला, त्यांच्याहून धाकटा, जिभेला हाड नसलेला. तो पाना फिरताना टक लावून बघत राहिला.

"अक्का, ही पोरगी तुमचा पाय सुरात लावतीया बघा. मी हातोडीनं मृदंग लावतो की, तस्सं. जरा हिकडं, जरा तिकडं."

"तू लावतोस व्हय मृदंग? मला वाटलं आपोआप बेसूर हुतोय."

पडद्यावरचा लाल रंग हळूहळू निवत गेला. दांड्या सुटल्या. काठी सुटली. माप घेतलं तेव्हा शेतात ज्वारी पेरलेली होती, ती कणसाला आली तोवर केराबाई सँडल घालून ओट्यापासून विहिरीपर्यंत जाऊ लागल्या. नागव्वा नावाची शेजारीण रोज दारात बसून बघायची आणि रोज तेच विचारायची, "कुठला गं खरा त्यातला?"

सप्ताह बसला. चौथ्या दिवशी दुपारी देवळात कुणी नव्हतं, तेव्हा केराबाई हिंदुरावला घेऊन तालमीला गेल्या. पायरीवर बसल्या, सँडल काढले, पायरीच्या कडेला ओळीनं लावले. आयुष्यभर जसं करत आल्या तसं. मग हिंदुरावच्या हाताला धरून उभ्या राहिल्या. नवा पाय घरातल्यासारखा वाटेना. देवाला हात जोडले, टाळ घेतले. हिंदुरावनं मृदंगावर थाप दिली. केराबाईंनी पहिली पावली टाकली आणि नव्या पायानं त्यांना छातीवर हात ठेवून ढकलावं तसं मागं ढकललं. गुडघा मागं गेला, टाळ सुटले, आणि त्या धाडकन बसल्या. नशीब, मागं सतरंज्यांची चवड होती.

"अक्का! लागलं का?"

लागलं नव्हतं. पुन्हा उठल्या. पुन्हा तेच. चढावर उभं असल्यासारखं अंग मागं जायचं. तिसऱ्यांदा त्या उठल्याच नाहीत.

हिंदुराव कधी नव्हे तो हळू बोलला. "खुर्ची ठेवू का, अक्का? कोण कायबी म्हनत न्हाय."

केराबाई देवाकडं बघत राहिल्या. गावानं हार तयार ठेवला होता. काल्याच्या सकाळी कुणाच्या गळ्यात पडणार होता तो?

"वैरागला फोन कर. महाराजांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आन् त्या पोरीला कायबी कळवू नगा. इतक्या मायेनं केलंय तिनं. तिच्या हाताला नावं ठिवल्यासारकं व्हईल."

घरी आल्यावर ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं, सासूला जेवायला वाढलं, आणि परसात जाऊन यास्मीनला फोन केला.

यास्मीन दुसऱ्या दिवशी सकाळी पाना, स्क्रू, पट्टी सगळं पिशवीत भरून वळसंगला आली. केराबाईंनी सुनेकडं डोळे वटारले, पण पाहुणीला गूळ-पाणी दिलं.

"चालून दाखवा, काकू."

केराबाई अंगणात चालल्या. ताठ. सुरेख. यास्मीननं बाजूनं बघितलं, मागनं बघितलं. काहीच चुकलेलं नव्हतं.

"हा तर लाखात एक चालतोय! देवळात काय झालं मग?"

"देवळात ढकलतोय. हितं न्हाय. मला वाटतंय, देवालाच नगं आसंल."

"चला देवळात."

देवळाच्या पायरीशी यास्मीननं स्वतःचे बूट काढले. शेजारी केराबाई बसल्या, सँडल काढले, ओळीत लावले. यास्मीन त्या ओळीकडं बघतच राहिली. इकडं तिचे बूट. शेजारी ते सँडल, दोन बोटं टाचेचे. मग तिनं फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"या अल्ला! काकू, कीर्तन अनवाणी करता तुम्ही?"

केराबाईंना प्रश्नच कळेना. "मग? पायताण घालून कोन करतंय?"

"सांगितलं का नाही मला?"

"त्यात सांगायचं काय? तू इचारलंस, कुठलं पायताण घालनार. मी दाखवलं. कीर्तनात घालत न्हाय, हे काय सांगायचं असतंय व्हय?"

"आणि मी दर जुमेरातीला, गुरुवारचं, दर्ग्यात बाहेर चपला काढूनच जाते की! माझ्या डोक्यात कसं आलं नाही?" यास्मीन खालीच बसली, हसावं की रडावं कळेना तिला. मग तिनं जमिनीवर हात उभा धरून दाखवलं. पाय टाचेच्या उंचीवर बसवलाय. सँडलची टाच काढून घेतली की पावलाची टाच खाली जाते आणि अख्खी नळी मागं कलते. खऱ्या पायाचा घोटा वळून सांभाळून घेतो, हा घोटा वळत नाही. पाय बरोबर होता. देवही काही म्हणत नव्हता.

हिंदुराव तोवर येऊन उभा राहिला होता. वैरागला फोन त्यानं अजून केलाच नव्हता. "येवढंच न्हवं? मग सँडल घालून करा की, अक्का. इठोबा काय पायाकडं बघतोय?"

"इठोबा न्हाय रागवायचा," केराबाई म्हणाल्या. "पर माज्या पायाला पायताण लागलंय हे मला कळंल न्हवं? मन तिथंच ऱ्हाईल मग. लोकांना काय सांगू मी?"

यास्मीन विचार करत होती. अनवाणी पायाला लावून पाना फिरवला, तर उद्या सँडल घातल्यावर काकू पुढं कोसळणार. आणि उजवा पाय रोज उघडा ठेवायचा नाही. दोन्ही हवं होतं.

"काकू, उद्या सकाळपर्यंत वैरागला फोन करू नका," ती म्हणाली. "आमच्याकडं एक नवा घोटा आलाय. आतापर्यंत फक्त दाखवायलाच ठेवलाय. त्याला बटण असतं. दाबलं की घोटा सुटतो, पाऊल जमिनीला सपाट टेकवायचं, बोट काढलं की तिथंच पक्का. टाचेला वेगळा, अनवाणीला वेगळा. मोठ्या सरांना विचारते."

सर हो म्हणाले. त्यांनी ती गोष्ट ऐकून स्वतःच घोटा कपाटातनं काढून दिला, असं यास्मीननं नंतर सांगितलं. ती आणि ऋतुजा केंद्रात दुपारभर केराबाईंना घेऊन होत्या. सँडल घालून पट्टीवर हिरवा रंग. सँडल काढून, बटण दाबून, पाऊल टेकवून पुन्हा हिरवा. केराबाईंनी ते बटण इतक्यांदा दाबलं की यास्मीन म्हणाली, "काकू, लिफ्ट नाही ती."

निघताना यास्मीननं आणखी एक पुडकं हातात ठेवलं. तिच्या अम्मीनं, गुलबानोनं, टॉवेलच्या जाड कापडाचा मोजा शिवला होता, आत मऊ तळ घालून. "उजव्या पायाला. कापडच आहे, काकू. चामडं नाही, टाच नाही. चालेल ना देवाला?"

केराबाईंनी मोजा छातीशी धरला.

काल्याच्या सकाळी मांडव भरला होता. केराबाई पायरीवर बसल्या, सँडल काढले, मोजा घातला. बटण दाबलं, पाऊल टेकवलं. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि त्या उठल्या. गळ्यात हार पडला. विणेकऱ्यानं वीणा छेडली, टाळ वाजले, विठ्ठलाच्या नामाचा गजर मांडवाच्या कापडाला हलवून गेला, आणि केराबाईंनी पावली टाकली. एक पुढं, एक मागं. पाय जागच्या जागी. मागच्या ओळीत बायकांत बसलेली यास्मीन श्वास धरून त्यांच्या गुडघ्याकडं बघत होती. बाकी सारे तोंडाकडं बघत होते.

निरूपण रंगत गेलं. गाई आल्या, गोपाळ आले, शिदोऱ्या सुटल्या. गोपाळांत एक लंगडा गडी असतो. दरवर्षी केराबाई लंगडत त्याची नक्कल करायच्या आणि मांडव हसायचा. आज तो प्रसंग आला तसा मांडव गप्प झाला. बायकांनी खाली बघितलं. हिंदुरावचा हात मृदंगावर थांबला.

केराबाईंनी उपरणं कमरेला खोचलं. नेहमीचा डावा पाय ओढायला गेल्या. पाय ओढला जाईना. पाऊल टेकलं की ते पुढं ढकलायचं, चांगल्या गड्यासारखं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तो सरळच चालला. केराबाई थांबल्या, लोकांकडं बघितलं, आणि मग चांगला उजवा पाय ओढत, त्या जाड मोज्यासकट, लंगड्या गोपाळासारख्या दह्याच्या हंडीकडं निघाल्या.

"अक्का, पाय चुकला!" हिंदुराव ओरडला.

"चुकला न्हाय बाबा! हा डावा माज्या यास्मीननं घडवलाय, त्याला लंगडायलाच येत न्हाय. म्हनून देवानं दिलेल्यालाच आज लंगडायला लावलंय!"

मांडव फुटल्यासारखा हसला. नागव्वा तर हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली. हिंदुरावनं मृदंगावर अशी थाप मारली की हंडीच्या दोरीवरच्या चिमण्या उडाल्या. केराबाईंनी हंडी फोडली, दहीलाह्यांचा पहिला घास देवापुढं ठेवला, आणि दुसरा ओंजळीत घेऊन थेट मागच्या ओळीकडं चालत आल्या. या वेळी न लंगडता.

"घे," त्या यास्मीनला म्हणाल्या. "गोपाळांत कुणी उपाशी ऱ्हात नसतंय."