नकाराची दोन उत्तरं

मला हिस्केचं काही कळेना. तीन वर्षं ती इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आमच्या बैठकांना येते, मागच्या रांगेत विणत बसते, तोंडातून चकार शब्द नाही. आणि आज, उट्रेख्टला, मसुद्याचं शेवटचं पान चाललेलं असताना बाई एका मुद्द्यावर अडून बसली!

मसुदा अस्गरचा. लॉगिन केल्यावर मिळणारा परवाना घेऊन माहिती मागायला आलेल्याला सर्व्हरने नाही म्हणायचं, तर कुठल्या शब्दांत, एवढंच त्यात होतं. अस्गरने मोठ्या हौसेने नकाराचे अठरा प्रकार केले होते, प्रत्येकाला वेगळं उत्तर. हिस्के घर सोडून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यात संगणकाचं काम बघते. जानेवारीपासून तिलाही हाच मसुदा पाळावा लागणार होता.

"सातवं आणि आठवं उत्तर एकच करा," ती म्हणाली, "नाहीतर माझ्याकडच्या बायकांच्या जिवावर बेतेल."

"जिवावर? अगं, दोन शब्दांनी कोण मरतंय?" अस्गर हसला.

आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांनी तोंड मिटून गुणगुणायचं आणि अध्यक्षाने कान देऊन कौल ठरवायचा. अध्यक्ष मी, माझं नशीब! दोन्ही उत्तरं राहू द्या, या बाजूने खोली नुसती घुमली. निकाल सांगायला मी तोंड उघडलं, पण मला राहवेना.

"थांबा जरा. हिस्के, का ते सांग तरी."

ती पुढे आली. "अस्गर, तुझा चाचणीचा सर्व्हर चालू आहे ना? त्यातल्या नमुन्याच्या यादीतल्या ग्रीटची नोंद माग, परक्या माणसाच्या परवान्यावर."

पडद्यावर सातवं उत्तर आलं: परवानगी नाही.

"आता यादीत नसलेलं नाव टाक. आन्के."

अशी नोंद नाही.

"समज, हा परवाना ग्रीटच्या नवऱ्याचा. परवाना काय, सगळ्यांकडेच असतो. त्याने बारा निवाऱ्यांना हेच विचारलं. अकरा सर्व्हर म्हणाले, अशी नोंद नाही. आमचा म्हणाला..."

तिने पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणजे ग्रीट कुठल्या निवाऱ्यात आहे, ते नवऱ्याला कळलं!

अस्गर अडखळला. "पण मग... प्रोग्रामरला स्वतःची चूक कशी सापडणार?"

"त्याची एक दुपार फुकट जाईल. जाऊ दे की!"

मी पुन्हा कौल घेतला. एकच उत्तर? गुणगुण उठली, आणि सगळ्यात मोठी अस्गरचीच. दोन? कोणी हूं की चूं केलं नाही. अस्गरने तिथल्या तिथे दोन्ही ओळी खोडल्या आणि त्यांच्या जागी एक लिहिली.

कॉफीला तो हिस्केशेजारी जाऊन उभा राहिला. कप हातात तसाच.

"हे खरंच घडलं होतं ना? त्या बाईचं पुढे काय झालं? सुखरूप आहे ना? कुठे असते आता?"

हिस्केचे डोळे भरून आले. "ते मी कोणालाच सांगत नाही, अस्गर."

मला वाटलं, हा पठ्ठ्या आता खोदून खोदून विचारणार. त्याचा स्वभावच तसा.

"नको सांगूस," तो म्हणाला.